विद्यार्थीकृतीचा रकाना: इंग्रजीचे भावी शिक्षक आणि वर्गातली सगळी मुलं

बी.एड.च्या पाठ टाचणाचा कागद ज्यानं एकदा भरला आहे, त्याला त्यातले रकाने जन्मभर विसरता येत नाहीत. अध्यापनाचा मुद्दा, उद्दिष्टं, शिक्षककृती, विद्यार्थीकृती, फलकलेखन, मूल्यमापन. शिक्षककृतीच्या रकान्यात छात्राध्यापिका भरभरून लिहिते: प्रस्तावनेचे प्रश्न, आदर्श वाचन, कठीण शब्दांचे अर्थ, तक्ता कधी लावायचा, फ्लॅशकार्ड कधी दाखवायचं. शेजारच्या रकान्यात मात्र पहिल्या पाठापासून शेवटच्या पाठापर्यंत एकच वाक्य उतरत जातं: विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात व उत्तरे देतात.

या वाक्यातला वर्ग महाराष्ट्रात कुठेही भरत नाही.

इंग्रजीचा एक सराव पाठ डोळ्यांसमोर आणूया. सहावीचा वर्ग, मराठी माध्यम, पन्नासेक मुलं, उतारा आठवडी बाजाराचा. छात्राध्यापिका आदर्श वाचन करते, मग एक-दोघांकडून प्रकट वाचन करून घेते, मग पाच मिनिटं मूक वाचन. त्या पाच मिनिटांत तिसऱ्या बाकावरचा मुलगा पुस्तकात डोळे घालून बसलेला असतो आणि शेजाऱ्यानं पान उलटलं की तोही उलटतो. वाचन त्याला येत नाही. वाचणाऱ्यांच्या वेगानं पानं उलटायला मात्र तो शिकला आहे. बाजारातला भावताव तोंडी विचारला, तर सगळ्यांच्या आधी त्याचाच हात वर जातो. पहिल्या बाकावर कमी दिसणारी मुलगी आहे. कठीण शब्द लाल खडूनं लिहिले आहेत आणि काळ्या फळ्यावरचा लाल खडू तिला दिसत नाही. श्रवणयंत्र लावलेला मुलगा ओठांकडे पाहून अर्थ लावतो, पण बाई बोलता बोलता फळ्याकडे वळतात आणि दर वेळी त्याचं वाक्य मधेच तुटतं. सातपुड्याच्या पायथ्याहून आईबापांबरोबर आलेली मुलगी घरी पावरी बोलते. न कळलेलं इंग्रजी वाक्य बाई मराठीत सांगतात, तेव्हा तिला एका परक्या भाषेतून दुसऱ्या परक्या भाषेत नेलेलं असतं.

चौघंही पटावर आहेत, हजेरीत आहेत, दुपारच्या आहाराच्या रांगेत आहेत. इंग्रजीच्या तासात ती नाहीत. पाठ संपतो आणि मागे बसलेले मार्गदर्शक प्राध्यापक शेरा लिहितात: आवाज स्पष्ट, फलकलेखन सुबक, वर्गनियंत्रण चांगलं.

चूक एकट्या छात्राध्यापिकेची म्हणता येणार नाही. या चौघांना शिकवायला तिला कोणी, कुठे आणि कधी शिकवायचं होतं, हा खरा प्रश्न आहे. गेल्या काही दशकांत कायद्यानं, अभ्यासक्रमानं आणि संशोधनानं त्याची काय उत्तरं दिली आणि ती उत्तरं टाचणाच्या कागदापर्यंत का पोचली नाहीत, याचा हा आढावा.

कायदा वर्गापर्यंत आला

दिव्यांग मुलांना सर्वसाधारण शाळेत आणण्याचा सरकारी प्रयत्न जुना आहे. केंद्र सरकारची एकात्म शिक्षण योजना १९७४ची. तिचा विचार असा होता की मुलाला साधनं द्यावीत, थोडी तयारी करून घ्यावी आणि त्यानं शाळेत सामावून जावं. शाळेनं स्वतः बदलावं ही अपेक्षा नंतर आली. १९९४ साली स्पेनमधल्या सालामांका इथे झालेल्या जागतिक परिषदेनं ती ठामपणे मांडली. भारतात दिव्यांगांसाठीचा १९९५चा कायदा आला, २००७मध्ये आपण संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली, २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला आणि २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं समावेशित शिक्षणाची व्याख्याच करून दिली: दिव्यांग आणि इतर विद्यार्थी एकत्र शिकतात आणि शिकवण्याची पद्धत वेगवेगळ्या प्रकारच्या दिव्यांग विद्यार्थ्यांच्या गरजांप्रमाणे जुळवून घेतली जाते, अशी व्यवस्था.

या व्याख्येचा दुसरा अर्धा भाग शिक्षकासाठी आहे. १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात ते २१ झाले. वाढलेल्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे. हे दिव्यांगत्व कुबडी किंवा पांढरी काठी घेऊन येत नाही. ते वाचनाच्या, लेखनाच्या, भाषेच्या तासालाच दिसतं. म्हणून ते पहिल्यांदा कोणाला दिसायला हवं, तर भाषेच्या शिक्षकाला.

आकड्यांमध्येही हे दिव्यांगत्व लपून राहतं. २०११च्या जनगणनेनुसार देशात १९ वर्षांपर्यंतची सुमारे ७८.६४ लाख दिव्यांग मुलं होती. त्या जनगणनेत अध्ययन अक्षमतेसाठी वेगळा रकाना नव्हता. म्हणजे पान उलटणारा आपला मुलगा या ७८ लाखांत धरलेला असण्याची शक्यता जवळजवळ नाही. युनेस्कोनं टाटा समाजविज्ञान संस्थेबरोबर २०१९ साली काढलेल्या अहवालानुसार पाच वर्षं वयाच्या दिव्यांग मुलांपैकी तीन चतुर्थांश मुलं कोणत्याही शिक्षणसंस्थेत जात नव्हती. जी आली, ती अडथळ्यांची शर्यत ओलांडून आली. वर्गात पोचल्यावर त्यांच्या वाट्याला आदर्श वाचन आणि लाल खडू येणार असेल, तर कायदा शाळेच्या फाटकाशीच थांबला.

दोन पेपर, जे एकमेकांना भेटत नाहीत

आपल्याकडे शिक्षक घडवण्याच्या दोन वाटा आहेत. सर्वसाधारण शिक्षकांचे अभ्यासक्रम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, म्हणजे एनसीटीई पाहते. विशेष शिक्षकांचे अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय पाहते. एकीकडे इंग्रजी शिकवायला शिकणारे, दुसरीकडे दिव्यांग मुलांना शिकवायला शिकणारे. दोघांची कॉलेजं वेगळी, प्राध्यापक वेगळे, सराव पाठांच्या शाळाही बहुधा वेगळ्या. ज्या मुलाला या दोघांची एकदम गरज आहे, ते मूल मात्र एकच.

एनसीटीईच्या २०१४च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात समावेशक शाळेच्या निर्मितीचा अर्धा पेपर सक्तीचा आला. हे मोठं पाऊल होतं आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. त्याआधी विशेष गरजांचा विषय मानसशास्त्राच्या पेपरातल्या एखाद्या प्रकरणात उरकला जाई. पण हा अर्धा पेपर कसा शिकवला जातो ते पाहा. कायदे, आयोग, योजना, दिव्यांगत्वाचे प्रकार, त्यांची लक्षणं, त्यांची कारणं. छात्राध्यापिका डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचनाशी निगडित अध्ययन अक्षमतेची, लक्षणं पाच मुद्द्यांत लिहिते आणि गुण मिळवते. इंग्रजी अध्यापन पद्धतीचा पेपर वेगळ्या वेळी, वेगळ्या प्राध्यापकांकडे असतो. तिथे ती रचनात्मक पद्धती, संप्रेषणात्मक पद्धती, व्याकरण-भाषांतर पद्धती आणि आशययुक्त अध्यापन शिकते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला इंग्रजी वाचन कसं शिकवावं, हा प्रश्न या दोन पेपरांच्या मधल्या फटीत पडतो. ती जोडणी छात्राध्यापिकेनं स्वतःच, पन्नास मुलांसमोर उभं राहून, ३५ मिनिटांच्या तासात करावी अशी आपली अपेक्षा असते.

या लेखाचं म्हणणं एवढंच आहे: समावेशन हा इंग्रजीच्या पद्धतीचाच भाग आहे. ते तिथेच शिकवलं पाहिजे, टाचणात उतरलं पाहिजे आणि पाठाच्या गुणांत मोजलं पाहिजे. स्वतंत्र पेपर राहू द्यावा, पण त्यावर विसंबू नये.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये यासाठी दार उघडलेलं आहे. एनसीटीई आणि आरसीआय यांच्या अभ्यासक्रमांत अधिक मेळ घालावा, विषय शिक्षकांना विशेष शिक्षणाचं दुय्यम विशेषीकरण सेवापूर्व काळातच किंवा त्यानंतर घेता यावं, असं ते धोरण म्हणतं. २०३०पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांची एकात्मिक पदवी ही किमान पात्रता व्हावी, हेही त्यात आहे. चार वर्षांचा अवकाश मिळणार असेल, तर त्यात अर्ध्या पेपराचा पूर्ण पेपर करून थांबणं ही हातची संधी घालवणं ठरेल.

'विशेष शिक्षक आहेत ना?' हा प्रश्न इथे नेहमी येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या निकालानंतर केंद्रानं २०२२ साली प्रमाण ठरवून दिलं: पहिली ते पाचवीसाठी १० विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक, सहावी ते आठवीसाठी १५ मुलांमागे एक. प्रमाण योग्यच आहे आणि ती पदं भरलीच पाहिजेत. पण फिरते विशेष शिक्षक अनेक शाळांमध्ये वाटलेले असतात. ते ज्या दिवशी येत नाहीत, त्या दिवशीही इंग्रजीचा तास असतो आणि तो इंग्रजीच्या शिक्षकाचाच असतो.

लिपी बदलते तेव्हा

इंग्रजीच्या शिक्षकाला या विषयाचं वेगळं प्रशिक्षण का हवं, याचं सगळ्यात भक्कम कारण लिपीत आहे.

देवनागरीत 'क' कुठेही आला तरी तो 'क'च असतो. अडचणी तिथेही आहेत. ऱ्हस्व वेलांटी लिहिली जाते व्यंजनाच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. 'सूर्य' लिहिताना रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. जोडाक्षरं धरली तर ओळखायच्या चिन्हांची संख्या शेकड्यांत जाते. कन्नड शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या कामातून दिसतं की अक्षरलिपी पुरती हाताखाली यायला प्राथमिक शाळेची बरीच वर्षं जातात. पण एकदा ओळख झाली की चिन्ह सहसा दगा देत नाही.

इंग्रजीत २६ अक्षरं आहेत आणि ध्वनी सुमारे ४४. ओ-यू-जी-एच हीच चार अक्षरं 'थ्रू'मध्ये 'ऊ' होतात, 'दो'मध्ये 'ओ' होतात आणि 'रफ'मध्ये 'अफ'. म्हणून मराठी वाचताना कसंबसं तग धरून राहिलेलं मूल इंग्रजीत एकदम कोसळतं. घरचे म्हणतात, मराठी येतं की त्याला, इंग्रजीचाच कंटाळा करतो. शिक्षक म्हणतात, सराव नाही. रिचर्ड स्पार्क्स आणि लिओनोर गॅन्शो या अमेरिकी संशोधकांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून दाखवत आणलं आहे की परकी भाषा शिकताना येणाऱ्या अडचणीचं मूळ बहुधा पहिल्या भाषेतल्या ध्वनी आणि अक्षर यांच्या जोडणीतच असतं. तिथे ती झाकली जाते, नव्या भाषेत उघडी पडते. मुलाच्या वृत्तीला दोष देण्याआधी प्रत्येक छात्राध्यापकानं हे समजून घ्यायला हवं.

उपायाची दिशाही माहीत आहे. सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या कामातून १९३०च्या दशकात उभी राहिलेली बहुसंवेदी पद्धत आजही पायाभूत मानली जाते. ध्वनी ऐकायचा, तोंडानं म्हणायचा, अक्षर डोळ्यांनी पाहायचं, बोटानं वाळूत किंवा पाटीवर गिरवायचं, आणि हे सगळं ठरलेल्या क्रमानं, थोडं थोडं, भरपूर उजळणीसह. महाराष्ट्रातल्या शिक्षकाच्या हाताशी याहून जवळचं एक साधन आहे आणि ते आपली प्रशिक्षण महाविद्यालयं फारसं वापरत नाहीत. ते म्हणजे आपली बाराखडी.

अक्षरलिपीवर वाढलेलं मूल शब्दाचे तुकडे अक्षरांनुसार पाडतं. 'कॅट' हा शब्द त्याला 'कॅ' आणि 'ट' असा ऐकू येतो. इंग्रजी स्पेलिंगसाठी त्याला तीन सुटे ध्वनी ऐकू यावे लागतात. इथे पाय मोडका 'क' कामाला येतो: क् + ॲ + ट्. हलन्त म्हणजे काय हे मराठी मुलाला ठाऊक असतं. इंग्रजीसाठी आपण लिपीत आणलेली ॲ आणि ऑ ही चिन्हंही त्याला ठाऊक असतात. मग 'ब' आणि 'ट' यांच्या मधला स्वर तेवढा बदलत न्यायचा: बॅट, बेट, बिट, बट. बाराखडीच्या चालीवर म्हटलेली ही ओळ वर्गातल्या चाळीस मुलांना मजेची वाटते आणि उरलेल्या काहींना पहिल्यांदाच इंग्रजी शब्दाचं दार उघडून देते. असा तुकडा सूक्ष्म अध्यापनात प्रत्येक छात्राध्यापकाकडून एकदा तरी बसवून घेतला पाहिजे. त्याला खर्च येत नाही. दोन लिपींची रचना शेजारी शेजारी मांडून दाखवणारा प्राध्यापक मात्र लागतो.

ओळखण्याची साधनंही आता आहेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ साली 'डाली' हे डिस्लेक्सिया तपासणीचं साधन काढलं, त्यात हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीही आहे. एनसीईआरटीनं २०२२मध्ये 'प्रशस्त' ही प्राथमिक चाचपणीची सूची शिक्षकांसाठी ॲपवर आणली. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६पासून मुंबईत काम करते आहे. २००७च्या 'तारे जमीन पर' या चित्रपटानं डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी नेला. तरीही बी.एड. पूर्ण केलेल्या किती जणांनी ही साधनं प्रत्यक्ष हाताळली आहेत, हे कोणत्याही शिक्षकांच्या बैठकीत विचारून पाहावं.

आणि इथे एक वेळेचा प्रश्न आहे. २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतरच मिळतं आणि पुढे १४व्या व १८व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये २०००पासून इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणजे सहाव्या वर्षी इंग्रजी सुरू होतं आणि कागद मिळण्याची शक्यता आठव्या वर्षी. मधल्या दोन वर्षांत मुलाकडे ना प्रमाणपत्र असतं, ना सवलत, ना विशेष शिक्षक. असतो तो फक्त वर्गशिक्षक. आपण मठ्ठ आहोत, हा समज मुलाच्या मनात घट्ट बसतो तो याच दोन वर्षांत. म्हणून कागदाची वाट न पाहता शिकवता येणं हे प्रशिक्षणाचं पहिलं उद्दिष्ट असायला हवं.

सवलत म्हणजे शिकवणं नव्हे

२०१६च्या कायद्याच्या १७व्या कलमात परीक्षेतला जादा वेळ आणि लेखनिक यांच्याबरोबर दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट देण्याचीही तरतूद आहे. ही तरतूद हवीच. अनेक मुलांची दहावी तिच्यामुळे सुटली आहे. पण मराठी माध्यमाच्या शाळेत या सवलतीसाठी पुढे येणारी भाषा बहुधा इंग्रजी असते. सूट मिळाली की शाळा सुटकेचा श्वास टाकते आणि मूल इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर चित्र काढत बसतं.

महाराष्ट्रात इंग्रजीचा इतिहास पाहता ही गोष्ट हलकी नाही. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४च्या 'काव्यफुले'मध्ये शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा आग्रह केला, तेव्हापासून ही भाषा इथल्या वंचितांच्या स्वप्नांशी जोडलेली आहे. पुढचं शिक्षण, नोकरी, संगणक, सगळीकडे तिची गरज पडते. परीक्षेतून सूट घ्यायची की नाही हे मुलानं आणि पालकांनी ठरवावं. शिकवण्यातून सूट घेण्याचा अधिकार शिक्षकाला नाही. पेपर न देणारं मूलही बसचा बोर्ड, औषधाची पट्टी, मोबाइलवरचा संदेश इंग्रजीत वाचायला शिकू शकतं आणि दोन वाक्यं आत्मविश्वासानं बोलू शकतं.

दिव्यांगत्वाचा प्रकार बदलला की इंग्रजीची पद्धतही बदलावी लागते. कर्णबधिर मुलाला ध्वनींवर आधारलेली फोनिक्सची पद्धत बहुधा फारशी उपयोगाची नसते. त्याची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असू शकते. मग लिखित मराठी त्याची दुसरी आणि लिखित इंग्रजी तिसरी. त्याच्यासाठी शब्दाचं रूप, चित्र आणि खूण यांची थेट गाठ घालावी लागते. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात २०२१पर्यंत १०,००० संज्ञा आल्या. मुंबईत वांद्र्याला श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. छात्राध्यापकाला शंभर खुणा शिकवायला परदेशी तज्ज्ञ आणावा लागत नाही.

अंध मुलाची गोष्ट तर इंग्रजीच्या शिक्षकाला आनंद देणारी आहे. १९५०च्या दशकाच्या आरंभी ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये भारतीय लिपींच्या अक्षरांना ध्वनी जुळतो तिथे इंग्रजी ब्रेलचेच ठिपके दिले गेले. मराठी ब्रेलमधला 'म' आणि इंग्रजीतला 'एम', 'ल' आणि 'एल', 'स' आणि 'एस' बोटाला एकसारखेच लागतात. डोळस मुलाला इंग्रजीसाठी नवी लिपी गिरवावी लागते, मराठी ब्रेल वाचणाऱ्या मुलाच्या बोटांखाली तिचा मोठा भाग आधीच असतो. हे ज्या शिक्षकाला माहीत आहे तो त्या मुलाकडे उणेपणानं पाहणार नाही. चित्र पाहा आणि सांगा, असा स्वाध्याय आला की चित्राचं दोन वाक्यांत वर्णन करायचं काम तो शेजारच्या मुलाला इंग्रजीतून देईल. मग दोघांचाही पाठ होईल.

समावेशनाची व्याप्ती दिव्यांगत्वापाशी संपत नाही. मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल, गडचिरोलीतलं गोंडी बोलणारं, नंदुरबारमधलं भिली किंवा पावरी बोलणारं मूल, यांच्यासाठी शाळेतली मराठी हीच दुसरी भाषा असते. त्यांना इंग्रजी मराठीच्या आधारानं शिकवण्याचा आपला शिरस्ता फसतो. वस्तू, कृती, हावभाव आणि त्यांच्या भाषेतले दहा-वीस शब्द जाणून घेण्याची शिक्षकाची तयारी, हाच तिथे पूल. उसाच्या फडांबरोबर दरवर्षी शाळा बदलणाऱ्या मुलाला तर प्रत्येक पाठ स्वतःत पुरा लागतो, कारण मागचा पाठ त्यानं दुसऱ्याच जिल्ह्यात सोडलेला असतो.

इतरांनी काय केलं

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन विद्यापीठानं २००६पासून एक प्रयोग केला. शिक्षक होणाऱ्यांच्या एक वर्षाच्या पदविकेत समावेशनाचा विषय वेगळा ठेवण्याऐवजी मूळ अभ्यासक्रमाच्या गाभ्यातच घातला. त्यामागचा विचार लानी फ्लोरियन यांनी मांडला. आपण सवयीनं बहुतेकांसाठी एक पाठ आणि काहींसाठी काहीतरी वेगळं, अशी मांडणी करतो. त्या 'काहीतरी वेगळ्या'नंच मुलावर शिक्का बसतो. त्याऐवजी सगळ्यांना उपलब्ध असलेल्या पर्यायांचं ताट मांडावं आणि प्रत्येकानं त्यातून घ्यावं.

इंग्रजीच्या शिक्षकांसाठी नेमका असाच अभ्यासक्रम युरोपात झाला. इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवणाऱ्यांना डिस्लेक्सियाची तयारी देणारा 'डिसटेफल' प्रकल्प २०११ ते २०१३ या काळात चालला. लँकेस्टर विद्यापीठाच्या ज्युडिट कॉर्मोस त्यातल्या एक. पुढे त्या विद्यापीठानं याच विषयावर सगळ्यांना खुला ऑनलाइन वर्ग सुरू केला. अमेरिकेत १९८४ साली स्थापन झालेल्या 'कास्ट' या संस्थेनं सार्वत्रिक अध्ययन आराखडा दिला. त्याची तीन सूत्रं साधी आहेत: मुलाला गुंतवण्याचे अनेक मार्ग ठेवा, माहिती अनेक रूपांत द्या आणि मुलाला आपलं ज्ञान अनेक रीतींनी दाखवू द्या. आपल्याकडे एनसीईआरटीची 'बरखा' ही हिंदी वाचनमाला याच विचारानं सर्व मुलांसाठी नव्यानं घडवली गेली. अशी मराठी मुलांसाठीची इंग्रजी वाचनमाला व्हायला हवी.

महाराष्ट्राचा स्वतःचाही अनुभव हाताशी आहे. राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या 'तेजस' प्रकल्पात प्राथमिक शाळांतले इंग्रजीचे शिक्षक आपापल्या भागात छोट्या गटांनी नियमित भेटत आणि वर्गातले प्रयोग एकमेकांना दाखवत. वरून आलेल्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणापेक्षा शेजारच्या गावच्या शिक्षकानं दाखवलेली युक्ती जास्त टिकते. समावेशनाचं ज्ञान पसरवायला हीच वाट योग्य आहे.

कॉलेजानं उद्यापासून करावं असं

मोठ्या सुधारणांची वाट पाहावी लागेल. चार गोष्टींना मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

पहिली, टाचणाचा कागद. विद्यार्थीकृतीच्या रकान्यात 'विद्यार्थी' हा एकच शब्द पुरेसा मानू नये. वर्गातल्या तीन-चार प्रत्यक्ष मुलांचं नाव घेऊन ती या टप्प्यावर काय करतील, हे लिहायला लावावं. त्यासाठी सराव पाठाआधी एक तास फक्त वर्ग पाहण्यासाठी द्यावा.

दुसरी, छात्रसेवाकाल. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेत घालवायचे एकूण २० आठवडे आहेत. त्यातला किमान एक आठवडा इंग्रजीच्या छात्राध्यापकानं विशेष शिक्षकाबरोबर, विशेष शाळेत किंवा गट साधन केंद्रात काढावा आणि परत येऊन एका मुलाचं इंग्रजी वाचन सलग काही आठवडे सोबतीनं घ्यावं. एकाच मुलाबरोबर बसून 'बी' आणि 'डी'चा गोंधळ सुटताना पाहिला की पुस्तकातली पाच लक्षणं हाडामांसाची होतात.

तिसरी, जोडीनं शिकवणं. समावेशनाचे आणि इंग्रजी पद्धतीचे प्राध्यापक यांनी वर्षातून निदान सहा तासिका एकत्र घ्याव्यात. कार्यानुभव म्हणून वाळूची अक्षरं, मोठ्या ठशाची शब्दपत्रं आणि उताऱ्याचं मोबाइलवरचं ध्वनिमुद्रण छात्राध्यापकांनीच करावं आणि ते सराव शाळेला देऊन टाकावं.

चौथी, गुण. ज्या गोष्टीला गुण नाहीत ती बी.एड.मध्ये होत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पाठ निरीक्षणाच्या तक्त्यात आवाज आणि फलकलेखनाच्या शेजारी एक ओळ वाढवावी: किती मुलं, किती वेगवेगळ्या रीतींनी पाठात सामील झाली?

तोच पाठ, पुन्हा

आता त्याच सहावीच्या वर्गात परत जाऊ. उतारा तोच, आठवडी बाजाराचा. वेळ तीच, ३५ मिनिटं.

छात्राध्यापिका आज वही बंद ठेवून टेबलावर एक टोपली ठेवते: वांगी, मिरच्या, कांदे, तराजू. पावरी बोलणाऱ्या मुलीला ती विचारते, तुझ्या घरी मिरचीला काय म्हणतात? मुलगी सांगते, सगळा वर्ग तो शब्द म्हणतो, मग मराठी, मग इंग्रजी. फळ्यावर पांढऱ्या खडूनं मोठ्या अक्षरांत सहाच शब्द. बोलायचं झालं की ती फळ्याला पाठ करून वर्गाकडे वळते, मगच बोलते. तेच सहा शब्द आणि उतारा ठळक ठशात छापून पहिल्या बाकावर दिला आहे.

वाचन जोडीनं. एक वाचतो, दुसरा बोट फिरवत ऐकतो, मग अदलाबदल. ज्याला नको वाटेल त्यानं मोबाइलवर ध्वनिमुद्रित उतारा ऐकत बोट फिरवायचं. तिसऱ्या बाकावरचा मुलगा तेच करतो. कोणी त्याच्याकडे पाहत नाही, कारण आणखी पाच जण तेच करत आहेत. शेवटी उताऱ्यातली गोष्ट समजली का, हे दाखवायचे तीन मार्ग: पाच वाक्यं लिहा, किंवा बाजाराचं चित्र काढून त्यात वस्तूंची इंग्रजी नावं घाला, किंवा दोघांनी विक्रेता आणि गिऱ्हाईक होऊन इंग्रजीत भाव करा. तिसऱ्या बाकावरचा मुलगा टोपलीशी येतो. श्रवणयंत्र लावलेला मुलगा समोर उभा राहून बोटांनी किंमत दाखवतो. घासाघीस होते, वर्ग हसतो, वांगी आठ रुपयांवरून सहावर येतात.

मागे बसलेल्या मार्गदर्शकांच्या मांडीवर टाचण आहे. विद्यार्थीकृतीच्या रकान्यात छात्राध्यापिकेनं आदल्या रात्री चार ओळी लिहिल्या आहेत. एक मुलगी आपल्या घरचा शब्द वर्गाला शिकवते. एक जण पाहून समजतो आणि बोटांनी उत्तर देतो. एक जण ऐकत बोट फिरवतो आणि मग बोलतो. दुसरी मुलगी मोठ्या अक्षरांत वाचते. त्याखाली, इतर सगळ्यांसाठी, तिनं जुनंच वाक्य ठेवलं आहे. आज मागे बसून वर्गाकडे पाहिलं, तर ते वाक्य पहिल्यांदा खरं दिसतं.